इराच्या आजोबांचे सहा छर्रे

ऑक्टोबरचा पहिला शनिवार, दुपारचे सव्वातीन. रक्कम पाच पौंड, एकच नोट. हजर: मी, माझी बायको स्मिता, शेजारची इरा, वय वर्षं बारा, आणि इराचे आजोबा. स्थळ नॉटिंगहॅमची जत्रा, छर्ऱ्यांच्या बंदुकांचा स्टॉल. एवढा तपशील अशासाठी देतो की ज्या माणसाबद्दल लिहितो आहे त्याला तपशील चुकलेला चालत नाही, आणि मलाही चालत नाही. आता जे विधान करणार आहे तेही पूर्ण जबाबदारीने करतो. या अख्ख्या देशात इराच्या आजोबांइतका कायदा पाळणारा दुसरा माणूस नाही. न्यायाधीश धरून सांगतो.

त्या दुपारी इराने सहा छर्रे मारले आणि पत्र्याची सहाही बदकं पाडली. स्टॉलवाला वयस्क होता, चापट टोपी घातलेला, कानावर पेन्सिल खोचलेला. तो तिच्याकडे बघतच राहिला आणि त्याने तिला एक निळा हत्ती दिला. हत्ती इराने माझ्या हातात दिला. मग स्वतःच्या पर्समधून वाढदिवसाची पाचाची नोट काढून तिने फळीवर ठेवली आणि म्हणाली, “आता आजोबाचा टर्न.” स्टॉलवाल्याने बंदूक उचलून आजोबांपुढे धरली. आजोबांनी दोन्ही हात खांद्यांच्या वर नेले, तळवे पुढे केले आणि ते तीन पावलं मागे गेले. तिसऱ्या पावलाला मागच्या बाईच्या कँडीफ्लॉसमध्ये त्यांचं डोकं गेलं. त्यांनी तिची माफी मागितली, आणि केसांना गुलाबी साखर चिकटलेली असताना स्टॉलवाल्याला सावकाश इंग्रजीत सांगितलं, की मला बंदूक हातात घ्यायला जन्मभराची मनाई आहे, छर्ऱ्यांचीसुद्धा, आणि हे कळल्यावरही तुम्ही ती मला दिलीत तर तुम्हीही गुन्हेगार ठराल, तेव्हा कृपया ती खाली ठेवा.

“अहो, बदकं पत्र्याची आहेत,” स्टॉलवाला म्हणाला.

“कायद्यात बदकांबद्दल काही म्हटलेलं नाही,” आजोबा म्हणाले.

स्टॉलवाल्याने नोट परत द्यायला हात पुढे केला. इरा ती घेईना. “नको. त्याचा टर्न आहे. तो नंतर घेईल.” ही मुलगी हट्टाला पेटली की कमी बोलते. मागे रांग वाढत होती. शेवटी स्टॉलवाल्याने हत्तीबरोबरचं इराच्या बक्षिसाचं कार्ड उलटं केलं, कानावरची पेन्सिल काढून मागे ‘सहा छर्रे बाकी’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं, खाली एक वेडीवाकडी सही केली आणि कार्ड आजोबांना दिलं. आजोबांनी ते दोनदा वाचलं आणि पाकिटात, बसपासच्या मागे ठेवलं.

आजोबांची शिक्षा मला माहीत होती. ती माहीत नसलेला माणूस आमच्या रस्त्यावर इरा सोडून कोणी नव्हता. बारा वर्षांपूर्वी ते शेजारी राहायला आले त्या दिवशी सामानाची गाडी रिकामी व्हायच्या आत कुंपणापाशी आले आणि मला म्हणाले, “नमस्कार. आमचा बॉयलर तुमच्या भिंतीला लागून आहे, पहाटे आवाज येईल. आणि मला एकदा तीन वर्षांची शिक्षा झालेली आहे. दोन्हींपैकी कशाबद्दलही तक्रार असेल तर संकोच करू नका.” मी बॉयलरबद्दल विचारलं. 

त्यांची ही पद्धतच आहे. अकराव्या वर्षी वडिलांबरोबर इचलकरंजीहून इथे आले, सोळाव्या वर्षी निटवेअरच्या कारखान्यात लागले, सव्विसाव्या वर्षी आत गेले. बाहेर आल्यापासून ते कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी आपली शिक्षा सांगून मोकळे होतात. लायब्ररीचं कार्ड काढताना सांगितली. भाजी लावायला कौन्सिलकडून जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा फॉर्ममध्ये रकाना नव्हता म्हणून वेगळा कागद जोडला. मंडळाच्या गणपतीत नारळ फोडायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी कमिटीला पत्र दिलं, की माझ्यासारख्याच्या हातात कोयता द्यायचा की नाही याचा कमिटीने आधी विचार करावा. कमिटीने विचार केला आणि त्यांना प्रसादावर घेतलं. त्यात त्यांचं काही बिघडलं नाही, कारण जेलमध्ये ते स्वयंपाकघरात होते. मुलगी बघायला इचलकरंजीला गेले तेव्हाही पोह्यांची बशी हातात येण्याआधी त्यांनी सगळं सांगितलं.  मुलीने, म्हणजे आताच्या काकूंनी, मान वर करून एकच प्रश्न विचारला. “सैपाक येतो का?”

“येतो. पण चारशे माणसांचा.”

“मग कमी करायला शिकवीन,” काकू म्हणाल्या. अजून त्यांना ते जमलेलं नाही. आजोबांनी आमटी केली की रस्त्यावरच्या सात घरी जाते.

गाडी ते ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर एकोणतीसने चालवतात. एकदा आम्हाला शववाहिकेने मागे टाकलं. सुपरमार्केटमध्ये मशिनवर स्वतः सामान मोजताना त्यांनी एकदा मोठ्या वांग्याच्या जागी साध्या वांग्याचं बटण दाबलं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा भरीत होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पावती घेऊन ते दुकानात गेले आणि चौतीस पेन्स भरायचा हट्ट धरला. मॅनेजर म्हणाला, पैसे घ्यायला माझ्याकडे बटण नाही. आजोबा म्हणाले, मी थांबतो. पन्नास मिनिटं थांबले. मी बरोबर होतो, म्हणून मला माहीत आहे.

तर त्या दुपारी जत्रेहून परत येताना ट्रॅममध्ये इराने विचारलं, “आजोबा, तुला का अलाउड नाही?”

स्मिताने माझ्याकडे पाहिलं. इराची आई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्या दिवशी ड्यूटीवर होती. ‘इरा मोठी झाली की सांगू’ असं तिचं आणि आजोबांचं ठरलेलं होतं. सगळ्या जगाला सांगणारा हा माणूस एका माणसाला मात्र बारा वर्षं सांगू शकला नव्हता. आजोबांनी केसांना चिकटलेली साखर काढली, रुमालाने बोटं पुसली आणि सांगितलं. कारखान्यात एक फोरमन होता. एके दिवशी तो काही बोलला. आजोबांनी मशिनचा लोखंडी रॉड उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो जगला. पण डाव्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही.

“तो काय बोलला?”

“ते सांगायचं नाही. मी काय केलं तेवढं सांगायचं.”

दोन स्टॉप गेले. मग इरा म्हणाली, “तू अजून डेंजरस आहेस?”

“ते मी कसं ठरवणार? ते जज ठरवतात.”

“कधी ठरवलं?”

“चाळीस वर्षांपूर्वी.”

“मग परत विचार ना त्याला,” इरा म्हणाली. उतरायचं बटण दाबायची वेळ झाली होती. ते तिने दाबलं.

नेमके किती महिने, किती दिवस, यावर एखाद्याचं आयुष्य कसं अवलंबून असतं हे मला पगाराच्या खात्यात पंचवीस वर्षं काम करूनही इतकं कधी कळलं नव्हतं. नियम असा आहे. शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर सुटल्यावर पाच वर्षांनी मनाई आपोआप उठते. तीन वर्षं किंवा जास्त असेल तर कधीच उठत नाही, क्राउन कोर्टात अर्ज करून उठवून घ्यावी लागते. आजोबांना बरोबर तीन वर्षं झाली होती. “एक दिवस कमी असता,” मी त्यांना म्हणालो, “तर तुम्ही केव्हाच मोकळे झाला असता.”

“एक दिवस कमी असता,” ते म्हणाले, “तर त्या माणसाच्या कानाला काय फरक पडला असता?”

त्या सोमवारपासून हा माणूस कामाला लागला. कामाला लागणं म्हणजे काय ते आमच्या रस्त्याने पुढचं वर्षभर पाहिलं. अर्जासाठी गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, गेल्या चाळीस वर्षांचा थोडक्यात आढावा द्या. आजोबांनी माझ्याकडून तक्ता करून घेतला. त्यात त्यांचे सर्व पत्ते, सर्व नोकऱ्या, गाडी चालवण्यातले गुन्हे (शून्य), लायब्ररीला पुस्तक उशिरा दिल्याचे प्रसंग (एक, बर्फामुळे), आणि वांग्याचे चौतीस पेन्सही होते. तक्ता एकवीस पानांचा झाला. वकीलबाई म्हणाल्या, “थोडक्यात म्हटलं होतं मी.” आजोबा म्हणाले, “बाई, एकवीस पानं आणि चाळीस वर्षं. वर्षाला अर्धं पान पडतं.” चांगल्या वागणुकीची चार पत्रं पुरे होती, त्यांनी अकरा जमवली. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं पत्र कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाचं होतं. त्याने लिहिलं होतं, की हे गृहस्थ दह्याचे रिकामे डबे धुऊन, पुसून, टाकण्याआधी वाळत घालतात. माझ्या नोकरीत मी असं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वकीलबाईंशी त्यांचं एकाच बाबतीत वाजलं. फोरमन काय बोलला होता ते जुन्या कागदांत होतं. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, हे आपण अर्जात पहिल्या पानावर घालू. त्या काळी कारखान्यांत काळ्या-गव्हाळ माणसांना काय ऐकावं लागे ते आजच्या न्यायाधीशाला कळायला हवं. आजोबा म्हणाले, घालायचं नाही. बाई म्हणाल्या, याने तुमचा गुन्हा निम्म्याने हलका होईल. आजोबा म्हणाले, “म्हणूनच. मला हलका नकोय. पूर्ण वजनाचा तोलून हवा.” परत येताना गाडी त्यांनीच चालवली. एकोणतीसने घरी यायला पस्तीस मिनिटं लागली.

इकडे इरा दर शनिवारी नऊ मैलांवरच्या रायफल क्लबात जाऊ लागली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या आईने तिच्यासाठी स्पर्धेची छर्ऱ्यांची रायफल घेतली आणि अडचण सुरू झाली. आजोबा राहतात त्या घरात ती ठेवता येईना, आजोबांच्या गाडीत नेता येईना. एरवी ती क्लबच्या कपाटात राही. पण स्पर्धा दुसऱ्या गावी असल्या की ती न्यायची कोणी? इराची आई शनिवार-रविवार ड्यूटीवर. शेवटी ते काम माझ्याकडे आलं. माझ्या गाडीच्या डिकीत रायफल, मागून आजोबांच्या गाडीत आजोबा आणि इरा. इराने माझ्याच गाडीत बसावं असं मी सुचवून पाहिलं. “म्हणजे मी एकटा येऊ?” आजोबांनी विचारलं, आणि विषय संपला. एका स्पर्धेला मी मोटरवेवर पुढे निघून गेलो. इरा पोचली तेव्हा तिची वेळ होऊन गेली होती. रायफल वेळेवर होती, मुलगी नव्हती. इरा रडली नाही. फक्त म्हणाली, “जजला सांग ना, लवकर कर.” आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, असं काकूंनी स्मिताला सांगितलं.

कोर्टाची तारीख नोव्हेंबरअखेरची मिळाली. आणि ऑक्टोबरात दसरा आला.

आदल्या रविवारी स्पर्धा होती. ती उशिरा संपली, क्लब बंद झाला होता, म्हणून रायफल आमच्या घरी राहिली. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघून गेलो होतो. काकू कुंपणापाशी येऊन स्मिताला म्हणाल्या, “अगं, आज समद्यांची शस्त्रं पाटावर बसणार, आनि पोरीचं एवढं मोठं शस्त्र तुज्या जिन्याखाली? दे हिकडं. पूजा झाली की लगेच आणून देते. ह्यास्नी कळायचंबी न्हाई.” स्मिताने दिली. ती पुढे मला म्हणाली, “त्या म्हणाल्या पूजेला. पूजेला कोण नाही म्हणतं?” 

त्यांच्या घरी पाटावर दरवर्षी मांडणी असते. आजोबांचा कारखान्यातला पाना, काकूंची विळी, इराच्या आईचा स्टेथोस्कोप, इराचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या. काकूंनी रायफल सर्वांत मागे ठेवून वरून शालू पांघरला, कडेने झेंडू मांडले आणि त्या पुरणाकडे बघायला गेल्या. आजोबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पूजेला चष्मा काढून ठेवायची सवय. एकेक वस्तू हातात घेऊन ते तिला हळद-कुंकू लावतात, फूल ठेवतात, खाली ठेवतात. पाना झाला. विळी झाली. स्टेथोस्कोप झाला. मग शालूखाली हात घालून जे लागलं ते उचललं, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू ठेवायला जागा शोधताना बोट घोड्यापाशी गेलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी ती खाली ठेवली. उठले. हात धुतले. आणि पोलिसांच्या नंबरला फोन लावला.

काकू पुरणाच्या हातांनी धावत आल्या. “अवो, काय करतायसा? कुनी बघितलं न्हाई!”

“मी बघितलं,” आजोबा म्हणाले.

काकूंनी मला फोन केला, मी वकीलबाईंना केला, बाईंनी आजोबांना केला. “तुम्ही अजून काही बोलला नसाल तर बोलू नका,” बाई म्हणाल्या. “सहा आठवड्यांवर कोर्ट आलंय. मनाई असताना बंदूक हातात घेणं म्हणजे गुन्हा, त्याला जेल आहे.” आजोबा म्हणाले, “बोललोय. मी फोनवर होतो म्हणून तर तुमचा फोन लागत नव्हता.” मी ऑफिसमधून निघालो. गाडी चालवताना हिशेब करत होतो. रायफल माझ्या ताब्यातली, माझ्या घरातून गेलेली, माझ्या बायकोने दिलेली. मनाई असलेल्याच्या हाती बंदूक देणं हाही गुन्हा. मी तीसच्या रस्त्यावर किती वेगाने आलो ते इथे लिहीत नाही, कारण आजोबा हे वाचतील.

मी पोचलो तेव्हा एक तरुण पोलीस बाई पाटासमोर मांडी घालून बसली होती. तिने बूट दाराशी काढले होते. रायफलवर हळद, कुंकू आणि एक झेंडू. तिने वहीत लिहून घेतलं, पिवळं काय, लाल काय. मग विचारलं, हे शस्त्र इथे कोणी ठेवलं?

“या घरात जे होतं त्याला मी जबाबदार आहे,” आजोबा म्हणाले.

“कोणी ठेवलं, सर?”

“मी ठिवलं,” स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. मराठीत. पण छातीवर हात ठेवून म्हणाल्या, त्यामुळे पोलीस बाईला समजलं.

“ती काय म्हणते ते मला ऐकू आलं नाही,” आजोबा म्हणाले. तेरा वर्षांत हे एकच खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. दहा सेकंदांनी त्यांनीच ते दुरुस्त केलं. “ऐकू आलं. तिने ठेवलं. तिला कायदा माहीत नाही, तो तिला समजावून सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. तसं लिहा.”

तिने तसं लिहिलं. पुरणपोळी घेतली नाही, नियमात बसत नाही म्हणून. आजोबांना ते फार पटलं. रायफल मात्र घेऊन गेली, झेंडूसकट. इरा शाळेतून आली तेव्हा पाटावर लॅपटॉप होता, पाना होता, आणि मागे एक लांब रिकामी जागा. तिने आजोबांकडे पाहिलं. “तू सांगितलंस?”

“हो.”

“माझा रायफल गेला.”

“हो.”

ती जिना चढून वर गेली. ते सहा आठवडे ती आजोबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसली.

कोर्टात मी होतो, स्मिता होती, काकू होत्या, आणि शाळेला सुट्टी टाकून इरा होती. जज बाई होत्या, माझ्याच वयाच्या. पोलिसांचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, की एक घटना कोर्टापुढे ठेवणं भाग आहे. त्यांनी दसरा वाचून दाखवला. हळद, कुंकू, झेंडू. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग वकील म्हणाले, की यावर खटला न भरण्याचं ठरलं आहे, रायफल परत देण्यात येईल, आणि पोलिसांचा अर्जाला विरोध नाही. एवढं म्हणून खाली बसले.

जज बाईंनी आजोबांना विचारलं, “ती तुमच्या हातात किती वेळ होती?”

“अकरा सेकंद, युवर ऑनर. नंतर मी लाटणं घेऊन तसंच करून पाहिलं आणि घड्याळ लावलं.”

“तुम्ही फोन केला नसता तर हे कोणाला कळलं असतं का?”

“नाही.”

“आणि तुम्हाला माहीत होतं की आजची तारीख जवळ आहे.”

“फोन केला नसता तर अर्जाला अर्थ राहिला नसता, युवर ऑनर. मी धोकादायक आहे की नाही हे तुम्हाला विचारायचं, आणि ठरवायला लागतं तेच लपवायचं?”

जज बाईंनी जुने कागद चाळले. एका पानावर थांबल्या. ते पान कशाबद्दल आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. “तुमच्या अर्जात याचा उल्लेख नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुम्हाला काय म्हटलं गेलं, त्याचा.”

“नाही.”

“का?”

आजोबा म्हणाले, “तो जे बोलला ते मी दोन्ही कानांनी ऐकलं, युवर ऑनर. ते दोन्ही कान मला अजून आहेत.”

त्यानंतर बाईंनी निकाल दिला. कायद्याची भाषा लांब होती, मी शब्दशः लिहून घेतली आहे, पण इथे एकच वाक्य पुरे. या गृहस्थांपासून सार्वजनिक सुरक्षिततेला अथवा शांततेला धोका नाही असं कोर्टाचं मत आहे, सबब मनाई उठवण्यात येत आहे. आजोबा उभेच राहिले. कारकुनाने हाताने खुणावलं, झालं, बसा. त्यांना ते दिसलं नाही. मग मागून इरा उठली, बाकांच्या मधून पुढे गेली आणि त्यांची बाही धरून त्यांना बाहेर घेऊन आली. बाहेर तिने एकदाच विचारलं, “ठरवलं ना त्याने?”

“तिने,” आजोबा म्हणाले. “ठरवलं.”

परतताना इरा पुढच्या सीटवर बसली. रायफल परत आली तेव्हा आजोबांनी ती माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत स्वतः उचलून नेली. तेवीस पावलं. नळीच्या खोबणीत थोडं कुंकू राहून गेलं होतं. काकू म्हणाल्या पुसू नका, इरा म्हणाली पुसू नकोस. ते अजून आहे.

पुढच्या ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही तेच चौघे जत्रेला गेलो. इरा आता चौदाची, आजोबांहून दोन इंच उंच. स्टॉल तोच होता, बदकं नव्याने रंगवलेली, फळीमागे विशीतली एक मुलगी. पाटीवर लिहिलं होतं, सहा छर्रे, सहा पौंड. आजोबांनी बसपासमागून कार्ड काढून फळीवर ठेवलं. मुलीने ते उलटसुलट केलं, मग दिव्याजवळ नेलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

“हे माझ्या आजोबांचं अक्षर आहे,” ती म्हणाली. “ते फेब्रुवारीत गेले.”

आजोबांनी टोपी काढली.  मुलीनेच बंदूक भरून पुढे केली. “घ्या. तुमचे सहा बाकी आहेत.”

“आता भाव सहा आहे,” आजोबा म्हणाले. “तेव्हा पाच दिले होते.”

“राहू द्या हो.”

“नाही.”

मग त्यांनी बंदूक हातात घेतली.  इरा मागे उभी राहून सांगत होती, “श्वास सोड. मग थांब. मग दाब.” पहिला छर्रा बदकांच्या वरून गेला. दुसरा खालून. तिसरा कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. चौथा आणि पाचवा कनातीत. सहाव्याला ते इतका वेळ थांबले की शेजारच्या पाळण्याची एक फेरी पुरी झाली. तोही चुकला. सहाच्या सहा बदकं जशीच्या तशी चालत राहिली.

आजोबांनी बंदूक दोन्ही हातांनी हळूच फळीवर ठेवली आणि आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“बघा पगारवाले,” ते मला म्हणाले, “बाई बरोबर बोलल्या होत्या. माझ्यापासून कोणालाही धोका नाही.”

इरा इतकी हसली की तिला फळी धरावी लागली. स्टॉलवरची मुलगीही हसली, आणि हसताना तिने डोळे पुसले. ती कार्ड परत द्यायला लागली तेव्हा आजोबांनी तिचा हात हलकेच मागे सारला. “अक्षर तुमच्या आजोबांचं आहे,” ते म्हणाले. “ठेवा.”

परतीच्या ट्रॅममध्ये त्यांनी दोनदा पाकीट काढून बसपासच्या मागे बोट घातलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

शेवटी दिलेली रक्कम: एक पौंड, नाणं, स्टॉलवरच्या मुलीला. सोबत तिच्या आजोबांच्या हातचं एक कार्ड. पावती मागितली नाही.